उन्हाळ्यात अंदमान, मुलं आणि आजी-आजोबा सोबत: पहिले तीन दिवस कसे काढायचे

एप्रिल-मेच्या सुट्टीत अंदमानला जाऊन आलेल्या आमच्या ओळखीतल्या चार घरांपैकी तीन घरांत पहिल्या दोन दिवसांतच कोणीतरी आजारी पडलं. कुणाचं पोर उलट्या करत होतं, कुणाच्या आईला जेट्टीवरच्या रांगेत चक्कर आली, एकीचे खांदे इतके भाजले की उरलेले चार दिवस तिला पाण्यात पायही घालता आला नाही. आमचंही पहिल्यांदा तेच झालं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कार्यक्रम उलटा करून लावला आणि चार वर्षांची धाकटी, नऊ वर्षांचा मोठा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई तिघंही ठणठणीत परत आली. मला येणारे फोन सगळे "कुठलं हॉटेल घेऊ" असे असतात, पण चूक हॉटेलात होत नाही, वेळेच्या हिशेबात होते. म्हणून क्रमाने लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. अंदमानात घड्याळ आपलंच चालतं, पण ती बेटं मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ २० रेखांशांवर आहेत, म्हणजे सूर्य तिथे आपल्यापेक्षा साधारण १ तास २० मिनिटं पुढे असतो. एप्रिलच्या शेवटी तिथे ५ वाजून गेले की उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. भर दुपार, म्हणजे सूर्य सगळ्यात वर, ती सव्वाअकरा-साडेअकराला. मुंबईत तीच वेळ बारा-चाळीसच्या आसपास येते. त्यात पोर्ट ब्लेअर साडेअकरा अक्षांशावर, त्यामुळे २० एप्रिलच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते.

आता आपली सवय बघा. आठला उठायचं, नऊला नाश्ता, आरामात आवरून दहाला बीचवर. तिथल्या सूर्याच्या हिशेबाने तुम्ही साडेअकराच्या उन्हात पोरं सोडलीत. घड्याळात दहा दिसतात म्हणून कोणाला काही वाटत नाही.

हिशेब पाठ करा: तिथल्या घड्याळात १ तास २० मिनिटं मिळवा, की आपल्याकडचं ऊन कळतं. तिथले ९ म्हणजे आपले १०:२०. तिथले दुपारचे ३ म्हणजे आपले ४:२०.

## टप्पा १: तिकिटं काढताना

मुंबई-पुण्याहून बहुतेकांचा प्रवास चेन्नई किंवा कोलकात्याहून होतो, तिथून पुढे दोन-सव्वादोन तासांचं विमान. स्वस्त तिकीट बघायला गेलं की रात्री अकराला निघायचं, मधे चेन्नईच्या खुर्च्यांवर तीन-चार तास, आणि सकाळी पोर्ट ब्लेअर, असं काहीतरी हाती लागतं. दोघंच असाल तर चालेल. मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर रात्रभर न झोपलेलं शरीर तुम्ही थेट दमट उन्हात उतरवताय, आणि झोप नसलेल्या माणसाला ऊन लवकर लागतं. दोन हजार रुपये जास्त गेले तरी चालतील, पण घरी किंवा मधल्या शहरात रात्रीची झोप होईल असं तिकीट बघा.

दुसरी चूक याहून मोठी आहे. एजंट लोक पहिल्याच दिवशी विमानातून उतरवून दुपारच्या बोटीने हॅवलॉक बेटावर पाठवतात, कारण त्यात एक रात्र वाचते. आम्हाला पहिल्या वेळी असंच दिलं होतं. विमान दीड तास उशिरा आलं, बॅगा घेऊन धावत जेट्टी गाठली, जेवण नाही, पाणी नाही, आणि बोट सुटल्यावर वीस मिनिटांत मोठा पिशवीत ओकत होता. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. यात तडजोड करू नका.

परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्रही पोर्ट ब्लेअरलाच. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. अंदमानात मान्सून आपल्या आधी, साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोचतो, म्हणून मेअखेरची सुट्टी घेणाऱ्यांनी तर एक मोकळा दिवस हातात ठेवाच.

नावांचा घोळ अनेकांचा होतो म्हणून सांगते. हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, नील बेटाचं शहीद द्वीप, आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बोटीच्या तिकिटावर एक नाव आणि हॉटेलच्या बुकिंगवर दुसरं असेल तर घाबरू नका, जागा तीच.

तपासा: प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, मुलांचं आधार किंवा जन्मदाखला धरून. बोटीला मुलांचंही लागतं, आणि फोनमधल्या फोटोवर विसंबून जाऊ नका.

## टप्पा २: निघण्याआधीचा आठवडा

चार दिवस आधीपासून सगळ्या घराने रोज २० मिनिटं लवकर झोपायचं आणि २० मिनिटं लवकर उठायचं. चार दिवसांत बरोबर ८० मिनिटं होतात. मुलांना सुट्टी लागलेली असते, ती रात्री बारापर्यंत जागतात, म्हणून हे अवघड वाटतं, पण एवढं एक केलंत तर तिथे पहाटे पाचला उठवताना रडारड होत नाही.

याच आठवड्यात रोज संध्याकाळी एसी बंद करून अर्धा तास घाम येईल असं चाला. शरीराला गरम दमट हवेची नीट सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणजे सहा दिवसांच्या सहलीत ती पूर्ण होणारच नाही, पण थोडी सुरुवात तरी होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांसाठी खास सांगते. तिथलं तापमान ३२-३३ दिसतं आणि नागपूरच्या ४४ पुढे ते काहीच नाही असं वाटतं. पण नागपूरला घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. अंदमानात हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही, नुसता निथळतो, पाणी आणि मीठ जातं आणि अंग तापलेलंच राहतं. माझा अकोल्याचा मामेभाऊ "आम्हाला ऊन शिकवू नका" म्हणत गेला आणि दुसऱ्या दिवशी सलाईनवर होता.

डॉक्टरांकडे एक फेरी मारा. आजी-आजोबांच्या बीपीच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारी गोळी असेल तर घाम आणि ती गोळी मिळून पाणी फार कमी होतं, डोस तसाच ठेवायचा का ते डॉक्टर सांगतील, आपल्या मनाने बंद करू नका. किडनीचा त्रास असेल तर शहाळ्याचं पाणी किती चालेल तेही विचारा, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि तिथे दर दहा पावलांवर शहाळी मिळतात. मुलांच्या डॉक्टरांना बोट लागण्याच्या औषधाचा डोस वजनाप्रमाणे लिहून मागा. आपण मोठी माणसं जी अव्होमिन घेतो ती दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत.

सावधान: सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर त्याला उन्हाळा आहे म्हणून वरचं पाणी पाजू नका. अंगावरचं दूध जास्त वेळा द्या. सनस्क्रीनही नको, फक्त सावली आणि सैल कपडे.

## टप्पा ३: बॅग भरणं

बॅगा सगळे भरतात, फक्त वस्तू चुकीच्या बॅगेत जातात. ओआरएस, टोप्या, सनस्क्रीन, सुती कपड्यांचा एक जोड हे सगळं मोठ्या सुटकेसमध्ये तळाशी, आणि विमानतळाबाहेर टॅक्सीची वाट बघताना पोरगं लालबुंद. म्हणून एक "पहिल्या सहा तासांची पिशवी" वेगळी करा, ती हातात राहील. त्यात:

- प्रत्येकाची पाण्याची बाटली (सिक्युरिटीला रिकामी न्यायची, आत गेल्यावर भरायची)
- ओआरएसची चार पाकिटं
- नाडी असलेल्या टोप्या, साध्या टोप्या बोटीवर उडून जातात
- दोन सुती पंचे
- सगळ्यांची रोजची औषधं, इन्सुलिन असेल तर थंड पाऊचमध्ये
- मुलांसाठी एक सुती जोड, आणि भडंग नाहीतर खाकरा

पंचा हसण्यावारी नेऊ नका. ओला करून मानेवर टाकायला, डोकं झाकायला, पोराला पुसायला, बोटीत एसी लागला तर अंगावर घ्यायला, तो एवढा कामाला येतो की दुसऱ्यांदा जाताना मी सहा नेले. टर्किशचा टॉवेल तिथल्या हवेत दोन दिवस वाळत नाही आणि वास मारतो.

पोहायचे कपडे पूर्ण बाह्यांचे घ्या, पोहायचा टी-शर्ट मिळतो तो. साधा सुती टी-शर्ट ओला झाला की ऊन आरपार जातं. आणि रंग भडक, केशरी किंवा पोपटी. आमच्या मोठ्याला मी हौसेने आकाशी घेतला होता आणि पाण्यात तो तीन हातांवर असूनही मला दिसेना. त्या दहा सेकंदात माझा जीव गेला होता. आता घरात आकाशी पोहायचा कपडा नाही.

पायात मागे पट्टा असलेल्या सँडल. तिथल्या बऱ्याच किनाऱ्यांवर ओहोटीला मेलेलं पोवळं उघडं पडतं, ते काचेसारखं कापतं, आणि कोरडी वाळू दहा वाजता तव्यासारखी तापलेली असते.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा, हॅवलॉक-नीलला एटीएम मोजकीच आहेत आणि नेटवर्क गेलं की फोनवरचं पेमेंट अडतं. ओडोमॉस, घामोळ्याची पावडर, कैलास जीवन, मेतकुटाची पुडी. मेतकूट का ते खाली येईल.

तपासा: ओआरएसच्या पाकिटावर "१ लिटर पाण्यात" असं लिहिलेलं आहे ना. तयार गोड ज्यूसचे खोके ओआरएस समजून आणू नका, त्यातल्या साखरेने जुलाब असतील तर वाढतात.

## टप्पा ४: पहिला दिवस, म्हणजे जवळजवळ काहीही न करण्याचा दिवस

विमान साधारण सकाळी उतरतं. बाहेर पडण्याआधी, एसीतच, सगळ्यांनी टोप्या घालायच्या, पाणी प्यायचं, मुलांना सुती कपडे चढवायचे. बाहेर गेल्यावर करू म्हटलं की राहतं.

हॉटेलला आधी फोन करून खोली किती वाजता मिळेल ते विचारून ठेवा. खोलीला वेळ असेल तर लोक काय करतात, बॅगा काउंटरवर टाकतात आणि "तोवर जवळचा बीच बघून येऊ" म्हणत अकराच्या उन्हात बाहेर पडतात. नका. लॉबीत बसा, पंख्याखाली, जेवून घ्या. एकाने थोडे पैसे देऊन लवकर खोली मिळते का बघावं, मिळाली तर ते पैसे सगळ्या सहलीत सगळ्यात सार्थकी लागलेले असतील.

जेवण साधं. भात, वरण, दही, उकडलेला बटाटा. तिथे हिंदी सगळीकडे चालतं, बंगाली वस्ती बरीच आहे, मासे भरपूर आणि ताजे, पण पहिल्या दिवशी मुलांना कोळंबी-खेकडे नको, एक दिवस थांबा. आमची धाकटी नव्या जागी काही खात नाही, तिला गरम भात, तूप आणि घरचं मेतकूट दिलं की गप्प जेवते. उपाशी मूल उन्हात सगळ्यात आधी कोसळतं, म्हणून ही पुडी.

खोलीत एसी १८ वर लावू नका. २६-२७ आणि वर पंखा. बाहेर-आत करताना एवढा फरक पडला की सर्दी-डोकेदुखी येते आणि शरीराला बाहेरच्या हवेची सवयही होत नाही.

दुपारी सगळ्यांनी झोपायचं. तीननंतर उठून चहा-दूध, मग साडेतीन-चारला समुद्राकाठी, मरिना पार्क किंवा कॉर्बिन्स कोव्ह, नुसतं फिरायला. पोहायचं नाही. पावणेसहाला अंधार पडायला लागतो, सातला जेवण, साडेआठला दिवे बंद.

आता एक विषय. मराठी माणूस पोर्ट ब्लेअरला उतरला की त्याला पहिल्यांदा सेल्युलर जेलच बघायचं असतं, आणि ते मी समजू शकते, माझ्या सासूबाईंनी त्याच एका कारणासाठी अंदमान म्हटलं होतं. पण सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला आहे. जिने, लांबच लांब व्हरांडा. पहिल्या वेळी आम्ही दुपारी दीडला, दमलेल्या बाईला घेऊन ते जिने चढलो. कोठडीच्या दारापर्यंत पोचल्या आणि तिथेच भिंतीला टेकून बसल्या, डोळ्यांपुढे अंधारी, आत डोकावायचीही ताकद नव्हती. दुसऱ्या वेळी तीच भेट शेवटच्या दिवशी, दुपारी तीननंतर ठेवली. त्या सावकाश चढल्या, आत गेल्या, खिडकीखाली बराच वेळ उभ्या राहिल्या, आम्ही कोणी बोललो नाही. ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलात ते दमल्या शरीराने बघू नका. शेवटच्या मोकळ्या दिवसावर ठेवा, उघडायच्या-बंद व्हायच्या वेळा आधी विचारा, आणि ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचं तिकीट आधीच काढून ठेवा.

तपासा, रात्री झोपताना: सगळ्यांची लघवी कुठल्या रंगाची झाली ते विचारा, मुलांची स्वतः बघा. फिकट पिवळी ठीक. गडद पिवळी किंवा दुपारपासून झालीच नाही, तर दुसऱ्या दिवशीची बोट पकडण्याआधी पाणी भरून काढायचं.

## टप्पा ५: दुसरा दिवस, बोट आणि हॅवलॉक

सकाळची लवकरातली बोट घ्या. खाजगी बोटीला दीड-दोन तास लागतात, सरकारीला अडीचच्या आसपास. तासभर आधी जेट्टीवर पोचायला सांगतात, तो तास पाण्याची बाटली हातात घेऊन सावलीत काढायचा. एक मोठं माणूस बॅगांच्या रांगेत, बाकी सगळे आत बसलेले. सगळं कुटुंब रांगेत उभं करायचं काही कारण नाही. आणि तिकिटावर कुठली जेट्टी लिहिली आहे ते आदल्या रात्रीच वाचा, सरकारी बोटी फिनिक्स बेहून सुटतात, खाजगी बऱ्याचशा हॅडोहून, टॅक्सीवाल्याला नुसतं "जेट्टी" सांगून चुकीच्या ठिकाणी उतरलेली माणसं मी बघितली आहेत.

बोट लागू नये म्हणून लोक मुलांना उपाशी ठेवतात, त्याने उलट जास्त मळमळतं. तासभर आधी अर्धी पोळी, केळं किंवा दोन इडल्या, तळलेलं आणि दूध नको. औषध अर्धा-एक तास आधी. मळमळायला लागल्यावर दिलेलं औषध उलटीतच जातं. बसायला मधली जागा मागा, पुढच्या टोकाला हेलकावे जास्त बसतात. मोबाईल-टॅब बंद, नजर लांब क्षितिजावर. आलेपाकाच्या वड्या सासूबाईंनी नेल्या होत्या त्या आजूबाजूच्या तीन कुटुंबांना पुरल्या.

हॅवलॉकला उतरलात की परत तोच मोह होतो, नऊ वाजलेत, अख्खा दिवस पडलाय, चला राधानगर बीचला. घड्याळातले नऊ, उन्हाचे दहा-वीस, आणि तिथे पोचेपर्यंत अकरा. आमचं पहिल्या वेळी नेमकं काय झालं ते सांगते. धाकटी वाळूत खड्डा खणत होती, लाल फावडं, बडबड चालू, आम्ही दोघं पाण्याच्या कडेला मोठ्याबरोबर. थोड्या वेळाने मला जाणवलं की बडबड बंद झाली आहे. वळून बघितलं तर फावडं हातात तसंच धरलेलं, खणणं थांबलेलं, समोर कुठेतरी बघतेय. गाल लाल, कानाच्या पाळ्या लाल. "पाणी देऊ का गं?" म्हटलं तर हो नाही की नाही नाही. घड्याळात पावणेदहा. सासूबाई ओरडल्या, "आधी तिला उचल, विचारत काय बसलीस!" झाडाखाली नेलं, कपडे काढले, ओढणी पाण्यात बुडवून अंगाला गुंडाळली आणि तिच्या बाबांनी पुठ्ठ्याने वारा घातला. दहा मिनिटांनी रडायला लागली, तेव्हा मला बरं वाटलं. मग चमच्या-चमच्याने ओआरएस, आणि अर्ध्या तासाने "मलई पाहिजे" म्हणून शहाळ्याकडे बोट.

मूल उन्हात आजारी पडताना "मला त्रास होतोय" असं सांगत नाही. ते गप्प होतं किंवा उगाच चिडतं.

ही लक्षणं दिसली की खेळ तिथेच थांबवा: गप्प होणं, किरकिर, डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, चक्कर. सावली, कमी कपडे, ओला पंचा, वारा, घोट घोट ओआरएस.

ही दिसली तर थेट दवाखाना: अंग चटका बसेल असं तापलेलं, बोलणं असंबद्ध, झटका, बेशुद्धी, पाणी पोटात न ठरणं. ११२ लावा, गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालत राहा. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. हॅवलॉकला सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठा दवाखाना पोर्ट ब्लेअरचा जी. बी. पंत. हॉटेलात शिरतानाच आरोग्य केंद्र कुठे ते विचारून ठेवा.

तर दुसऱ्या दिवशीचा योग्य क्रम असा. उतरलं की हॉटेल, आंघोळ, जेवण, झोप. तीनला उठून रिक्षा ठरवायची, जाऊन-येऊन आणि तिथे थांबायचं धरून, कारण अंधार पडल्यावर राधानगरहून परतीला रिक्षा शोधत बसावं लागतं. जेट्टीपासून राधानगर दहा-बारा किलोमीटर आहे. तो किनारा पश्चिमेला आहे, सूर्यास्त तिथेच बघायचा, आणि मागे उंच झाडांची दाट सावली आहे. आज फक्त घोट्यापर्यंत पाणी. भाड्याच्या स्कूटीवर दोन पोरं आणि आई-बाबा अशी चौकडी मी तिथे रोज बघितली, कृपा करून करू नका.

ओआरएस कालवताना होणारी चूक: अर्धं पाकीट छोट्या बाटलीत अंदाजाने टाकतात. पूर्ण पाकीट, पूर्ण एक लिटर, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. नुसत्या तहानेला ओआरएस लागत नाही, तिथे पाणी, लिंबू सरबत, ताक पुरे.

## टप्पा ६: तिसरा दिवस, आता पाण्यात

पहाटे साडेचारला गजर. चहा-बिस्किटं, आणि उजाडताना कालापत्थर, तो पूर्वेचा किनारा आहे. परत येऊन नाश्ता, आणि साडेसहा ते साडेआठ पाण्यात. आपल्या हिशेबाने पावणेआठ ते पावणेदहा, म्हणजे कोवळं ऊन. नऊला सगळे सावलीत.

पण त्याआधी भरती-ओहोटी बघायची. इथे कोकणातली माणसं हमखास चुकतात. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचं आपलं गणित आपल्या किनाऱ्याचं आहे, अंदमानात ते लागू पडत नाही. हॉटेलवाल्याला किंवा बोटवाल्याला आजची वेळ विचारा, मग रोज साधारण ५० मिनिटं पुढे धरत जा. विजयनगरसारख्या किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पोहायला गेलेली मुलं नुसती दगड-पोवळ्यांवर चालतात आणि पाय कापून घेतात. उलट नीलच्या नैसर्गिक पुलाकडे जायचं तर ओहोटीच लागते.

पाण्यात उतरण्याचा क्रम:

१. सनस्क्रीन खोलीतच, निघण्याआधी वीस मिनिटं. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर पूर्ण लांब रेघ, कान, मानेची मागची बाजू, पावलांचा वरचा भाग. हे शेवटचे तीन सगळे विसरतात. दर दोन तासांनी आणि पुसल्यावर परत. झिंक ऑक्साइडवालं घेतलंत तर पोवळ्यांनाही बरं.

२. किनाऱ्यावर आधी पाटी आणि झेंडे वाचा, मग जीवरक्षकाला विचारा. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडीचं तोंड, खारफुटीलगतचं पाणी, निर्जन किनारा, तिन्हीसांजेची वेळ, इथे कोणी कितीही म्हटलं तरी उतरायचं नाही. ठरवून दिलेल्या पट्ट्यातच.

३. एका मुलामागे एक मोठं माणूस, नावानिशी. "आपण सगळे आहोत ना" म्हणजे कोणीच नाही. आणि त्या माणसाच्या हातात मोबाईल नाही.

४. पहिल्यांदा वीस मिनिटं, मग बाहेर, पाणी पाजायचं, मग परत. पाण्यात असताना घाम आलेला कळत नाही, तहान लागलेली कळत नाही.

५. पाण्याची ओढ लागली तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत बाहेर पडायचं. मोठ्या मुलांना हे हॉटेलात वाळूवर रेघ काढून शिकवा.

६. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ, जांघा, काख, मानेच्या वळ्या कोरड्या, मग पावडर. मिठाचे कपडे अंगावर वाळले की संध्याकाळी मुलं घामोळ्याने आणि सोलवटलेल्या जांघांनी चालू शकत नाहीत.

जेलीफिश लागला तर चोळू नका, गोडं पाणी नको, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाला दाखवा.

एलिफंट बीच आणि तिथलं स्नॉर्कलिंग करायचं असेल तर तिसऱ्या दिवसाची प्रकृती बघून चौथ्यावर ठेवा, आणि सकाळची पहिली बोट. तिथे तीन-चार तास सहज जातात आणि उलटं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या कशा भाजतात ते रात्री कळतं, त्यामुळे पूर्ण बाह्या, पूर्ण पाय. बाराटांग बेटाची, पहाटे गाड्यांच्या ताफ्यातून जायची सहल लहान मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन या पहिल्या दिवसांत घेऊ नका, तासन् तास गाडीत बसणं असतं.

मुलं शंख-पोवळ्याचे तुकडे खिशात भरतात. परत ठेवायला लावा. पोवळं वन्यजीव कायद्याखाली येतं, आणि विमानतळावर बॅगेतून काढतात तेव्हा मूल रडतं.

तपासा, तिसऱ्या रात्री: प्रत्येकाचे खांदे, नाक, पावलं दिव्याखाली बघा. लाल असेल तर गार पाण्याचा पंचा आणि उद्या त्या माणसाला ऊन नाही. आजीच्या पायांवर सूज आहे का, गोळ्या घेतल्या का. मुलांच्या पायांना कापलेलं असेल तर साबणाने धुऊन झाका. घरातल्या एकाचंही "नको" असेल तर चौथ्या दिवशी सकाळचा कार्यक्रम रद्द करून नुसतं संध्याकाळी बाहेर पडा. कुणी स्कूबा करणार असेल तर तो याच मधल्या दिवसांत उरकून घ्या, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी नको, डायव्हिंग आणि विमान यात किमान १८ ते २४ तास जावे लागतात.